परवान्याबाहेरची बेबी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात असताना पकडला, यातसुद्धा माझा घोटाळा होतो. पण परळच्या एका गल्लीतून नाहीशी झालेली ती बाई, आणि तिच्याबद्दल एका सुरात खोटं बोलणारी ती सगळी गल्ली, अजून अगदी लख्ख डोळ्यांसमोर आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात एक ओळही छापून आली नाही. तरी नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायची वेळ आली की मी हीच केस सांगतो. ते बिचारे हिरमुसतात, कारण त्यांना टोळीवाल्यांच्या गोष्टी हव्या असतात.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती. संप संपला असं कुणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या होत्या, काहींच्या दाराला कुलूप होतं. मी त्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. संपाच्या काळात आमचं काम म्हणजे गिरणीच्या दारावर उभं राहणं. पुढे ते बदललं. दारूची भांडणं, पोटमाळ्यावरून भावाभावांतल्या मारामाऱ्या आणि बेपत्ता माणसं. बेपत्ता झालेला माणूस बहुतेक वेळा कोकणात गावी गेलेला असायचा. काम गेलं हे बायकोला सांगायची लाज वाटायची, म्हणून न सांगता एसटी पकडायचा.

आमच्या हद्दीत एका दुमजली इमारतीत एक निवासी गृह होतं. ज्यांच्या बुद्धीची वाढ पूर्ण झालेली नाही अशा मोठ्या वयाच्या बायका तिथे राहत. त्या काळी त्यांना मतिमंद म्हणत, आता तो शब्द वापरत नाहीत आणि ते बरंच झालं. चाळिशीच्या बाईलाही तिथे सगळे ‘मुलगी’च म्हणायचे. गृह चालवणाऱ्या बाई दादरला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. काठाची सुती साडी, ताठ मान, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी त्याला वर्गात उभा केल्यासारखं बोलणं. गल्लीत लहानथोर त्यांना बाई म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

अशा गृहाला समाजकल्याण खात्याचा परवाना लागतो. जागा किती, मोरी-संडास किती, रात्री हजर असणाऱ्या आया किती, हे बघून तिथे किती जणी राहू शकतील ते परवान्यावर लिहून देतात. वर्षातून एकदा खात्याचे अधिकारी तपासणीला येतात. येण्याआधी पत्र पाठवतात, म्हणजे सरकारी पाहुणा कळवून येतो. त्यांच्याबरोबर ठाण्याचा एक माणूस द्यायचा असतो आणि तिथल्या नोकरमाणसांची चारित्र्य पडताळणी आम्ही करायची असते. त्या वर्षी आमचे एक जुने हवालदार गेले होते. परत येऊन त्यांनी सांगितलं की सगळं ठाकठीक आहे, फिनेलनं जिने धुतलेत आणि शिरा उत्तम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक माणूस आला. पस्तिशी ओलांडलेला, अंगात इस्त्री न केलेला पण स्वच्छ सदरा, हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. तो एका गिरणीत साचेखात्यात मागावर होता, संपानंतर मालवणकडच्या आपल्या गावी परतला होता. गिरणीत पुन्हा माणसं घेणार अशी आवई उठली म्हणून गाववाल्यांबरोबर मुंबईला आला होता. त्याची बहीण या गृहात राहत होती. तिचं खरं नाव सांगत नाही. घरात तिला बेबी म्हणत. त्या पिढीत घराआड एक बेबी असायचीच.

आई गेल्यावर आणि काम सुटल्यावर त्यानं बेबीला इथे ठेवलं होतं. गावी डोंगरउतारावरचं एक खोपट, बायको दिवसभर दुसऱ्याच्या शेतात. बेबीकडे बघायला कुणी नाही. सकाळी तो गृहात गेला, तर बाईंनी त्याला दारातच गाठून सांगितलं की मुली सहलीला गेल्यात, संध्याकाळी या. तो जिना उतरला. पण उतरताना त्याला वरच्या खिडकीत दोन-तीन मुली दिसल्या आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी मुसमुसल्याचं ऐकू आलं. बोलताना तो सारखा पुड्याची दोरी नीट करत होता.

“साहेबानू, माझ्या भैणीचा काय तरी झालाहा,” तो म्हणाला. “माका कोण सांगणा नाय.”

मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली आणि हवालदारांना बरोबर घेऊन त्याच्यासह गृहात गेलो. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत उलगडा होईल. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की या नावाची कुणीही मुलगी त्यांच्या गृहात राहत नाही. परवाना भिंतीवर काचेत लावला आहे, हजेरी समोर आहे, मुली वर बसल्यात, हवं तर मोजून घ्या. सकाळी तुम्हीच सहलीचं बोललात ना, असं भावानं विचारलं. बाई म्हणाल्या की ते दुसऱ्या कुणाबद्दल होतं, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.

मी वर जाऊन पाहिलं. कॉटा ओळीनं, चादरी पांढऱ्याशुभ्र. मुली परवान्यावर लिहिल्या होत्या तेवढ्याच. मी खाली आलो आणि गल्लीत विचारपूस सुरू केली. पिठाची गिरणी, शिंपी, समोरच्या चाळीतल्या खोल्या, कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी कोळीण. सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं, “अशी कोणी इथे नव्हती ओ साहेब.” शब्दही तेच आणि त्यांचा क्रमही तोच. खरं बोलणारी माणसं एकमेकांशी कधीच इतकी जुळत नाहीत. एकाला साडी निळी दिसते, दुसऱ्याला हिरवी, तिसरा म्हणतो मी तेव्हा जेवत होतो. सगळे पाठ केल्यासारखे बोलायला लागले की समजावं, इथे तालीम झाली आहे. पण तालीम कशासाठी, ते मला कळेना.

ठाण्यात परतल्यावर सीनियर साहेबांनी वेगळीच शंका काढली. त्यांचं म्हणणं, या भावानंच बहिणीला कुठेतरी सोडलं असेल आणि आता गळा काढतोय. ऐकायला हे क्रूर वाटेल, पण त्या वर्षांत आम्ही असली प्रकरणं पाहिली होती. ज्या घरात चूल पेटत नाही तिथून आधी म्हातारं माणूस किंवा असं माणूस कमी होतं. मी भावाला समोर बसवून तासभर प्रश्न विचारले. बहिणीला शेवटचं कधी भेटलास, तिला इथे कुणी आणलं, पुरावा काय. पुरावा त्याच्याकडे नव्हता. तो सांगत होता ते एवढंच, की ती कुत्र्यांना भिते, तिच्या हनुवटीला लहानपणची खूण आहे, तिला जत्रेतला खाजा आवडतो म्हणून हा पुडा आणलाय. खोटं बोलणारा माणूस असल्या वेळी आपली बाजू मांडतो. हा आपली बाजू मांडतच नव्हता, फक्त बहिणीचं वर्णन करत होता. माझा त्याच्यावर विश्वास बसला, तरी त्याला बाकावर बसवून ठेवणं भाग होतं. त्याची परत जायची गाडी संध्याकाळची होती. ती सोडून देणार, असं त्यानं न विचारताच सांगितलं.

बेपत्ता माणसाच्या तपासात पहिलं काम रुग्णालयांना विचारायचं. शेजारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोलीस चौकी असते. मी तिथल्या शिपायाला फोनवर वर्णन सांगायला लागलो, तर त्यानंच मला मध्ये अडवलं.

“साहेब, हनुवटीला खूण असलेली ना? काल संध्याकाळपासून लोकं येतायत तिला विचारायला. आज सकाळी एक शिंपी येऊन गेला, आत्ताच एक कोळीण टोपली दारात ठेवून आत बघून गेली.”

मी फोन ठेवला. मग दादर स्थानकावरच्या चौकीला फोन लावला. तिथेही पिठाच्या गिरणीवाला जाऊन आला होता. जी बाई गल्लीत कधी नव्हतीच, तिला सगळी गल्ली परळपासून दादरपर्यंत शोधत होती. मी हवालदारांकडे पाहिलं. ते छताचा पंखा पाहू लागले.

“हवालदार, शिरा उत्तम होता म्हणालात ना काल?” मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना नक्की काही माहीत नव्हतं, पण गल्लीत बीटवर फिरता फिरता कानावर आलं होतं की गृहात परवान्यापेक्षा जास्त मुली आहेत. तपासणीच्या दिवशी त्या दिसत नाहीत. का दिसत नाहीत ते त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं की लिहावं लागतं. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही.

पुन्हा गृहात गेलो तेव्हा दुपार उलटली होती. भावाला मुद्दाम ठाण्यात ठेवलं. बाई त्यांच्या खोलीत एकट्या होत्या. मी उभ्यानंच म्हटलं, “बाई, जी मुलगी तुमच्याकडे नव्हतीच, तिला तुमची माणसं रुग्णालयात कशाला शोधतायत?”

मी बसलो. चौकशीत माणसाला गप्प बसू देणं हे बोलतं करण्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि सगळं सांगितलं. सांगतानाही वाक्य अर्धवट सोडलं नाही.

संपानंतर घरं फुटायला लागली. कुणी गावी गेलं, कुणी पोरं घेऊन सुरतेला, कुणी भिवंडीला यंत्रमागावर. जाताना लोक त्यांच्या दारात येऊन उभे राहत आणि म्हणत, हिला तेवढी ठेवा. परवान्यातल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. बाईंनी जागा वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं नव्हतं. पण दारातल्या माणसाला परत पाठवणं त्यांना जमलं नाही. मग तपासणीच्या दिवशी करायचं काय? त्यावर गल्लीनंच तोड काढली. परवान्याबाहेरच्या प्रत्येक मुलीला एकेका घरानं दिवसभर ठेवून घ्यायचं. सकाळी न्हाऊमाखू घालून, नीट कपडे करून त्यांना घरोघरी पोचवत. अधिकारी गेले की संध्याकाळी ज्या त्या घरची बाई आपली पाहुणी परत आणून सोडी. दर वर्षी हे बिनबोभाट पार पडत होतं. मुलींनाही तो दिवस आवडायचा, कारण त्या दिवशी कुणाच्यातरी घरी गोडधोड असायचं. आदल्या संध्याकाळी बेबी परत आली नाही. सकाळी भाऊ येऊन गेल्यावर आता पोलीस येणार हे ओळखून बाकीच्यांना पुन्हा घरोघरी पाठवलं होतं.

“मी पोलिसांत आले असते तर आज या घराला कुलूप असतं,” बाई म्हणाल्या. “मग बाकीच्या सगळ्या कुठे जातील, ते मला सांगा.”

“आणि बेबी?” मी विचारलं. “तिला शोधायला निघालेल्या पोलिसालाच तुम्ही सांगता, ती नाही म्हणून?”

मला त्यांचा भयंकर राग आला होता. थोडा अजूनही आहे. त्यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता हे दिसत होतं. स्वतः वडाळ्यापर्यंत पायी हिंडून आल्या होत्या, टाचा सुजल्या होत्या. पण चांगल्या माणसानं चांगल्या कारणासाठी खोटं धरलं की ते त्याच्याकडून सोडवणं फार कठीण जातं. चोर निदान पकडल्यावर सोडून देतो.

बेबी ज्या घरी पाहुणी होती, ते घर खाणावळवाल्या मावशींचं. समोरच्या चाळीत त्यांची खाणावळ होती. एके काळी पाळीपाळीनं कामगारांच्या पंगती उठत, आता मोजकेच जेवणारे उरले होते. मी गेलो तेव्हा त्या चुलीपाशी हात गुंडाळून बसल्या होत्या. बाई माझ्याबरोबर आहेत हे बघून त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. बेबी दिवसभर मजेत होती. तिनं कांदे सोलले, जेवली, दुपारी झोपली. संध्याकाळी मावशींनी तिला जिन्यापर्यंत पोचवलं, समोरचं गृह दाखवलं आणि सांगितलं, जा बाय आता घराकडे. चुलीवर भात होता म्हणून त्या खाली उतरल्या नाहीत. गृहाचं दार तर जिन्यावरूनच दिसत होतं.

नेहमीपेक्षा काही वेगळं केलंत का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. कपडे कसले होते? साडी. साडी तुम्ही नेसवली? हो, लेकीची जुनी. का? मावशी गोंधळल्या, जणू मी विचारू नये ते विचारत होतो.

“पयल्यांदाच आली ना ती माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत ती शिंप्याकडे जायची. पयल्यांदा दारात आलेल्या बाईमाणसाला रिकाम्या ओटीनं कशी धाडू? लगीन नाय झालं म्हणून काय झालं. कुंकू लावलं, नारळ-तांदूळ घातले ओटीत, खण दिला. लय खूश झाली ती. पदर घट्ट धरून उतरली.”

बाईंना हे ठाऊक नव्हतं. मला ऐकून त्यात फारसं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या घरीसुद्धा आई कुणाला रिकाम्या ओटीनं जाऊ देत नसे. मी जबाबात तेवढं लिहून घेतलं. वर्णनात आता साडीचा रंग आला, पदरात नारळ आहे हे आलं. एवढं बिनतारी यंत्रावर सगळ्या ठाण्यांना कळवू, असं ठरवून ठाण्यात परतलो.

भाऊ बाकावर तसाच बसून होता. दुपारी हवालदारांनी मागवलेला वडापाव शेजारी तसाच पडला होता. मी त्याला आता सगळं सांगितलं. बेबी गृहातच राहत होती, काल तिला एका घरी ठेवलं होतं, तिथून ती निघाली आणि पोचली नाही. तो शांतपणे ऐकत होता. मी म्हटलं की त्या मावशींनी तिची ओटी भरून तिला पाठवलं, तेव्हा मात्र त्यानं मान वर केली.

“ओटी भरल्यानी?” त्यानं विचारलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “रे रोडाक गेली ती. ओटी भरली काय बेबी रे रोडाकच जातली.”

त्यांचं कुटुंब पूर्वी लालबागला चाळीत राहत होतं. थोरली बहीण लग्न होऊन रे रोडला गेली, लाकडाच्या वखारींमागे तिच्या सासरची खोली होती. ती महिन्या-दीड महिन्यानं माहेरी यायची. निघताना आई तिची ओटी भरायची आणि बेबी तिला पोचवायला जायची. कॉटन ग्रीनवरून चालत, बहिणीचं बोट धरून. बहीण तिला तिथे जेवू घालायची आणि मेव्हणा रात्री परत आणून सोडायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. बेबीला घड्याळ कळत नव्हतं, वार कळत नव्हते. पण ओटी भरली की निघायचं आणि कुठे निघायचं, हे तिच्या पायांना ठाऊक होतं. थोरली बहीण मात्र नवऱ्याबरोबर केव्हाच अंबरनाथला राहायला गेली होती. म्हणून रे रोडचं नाव भावाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ओटीचं मावशींना माहीत होतं, रे रोडचं भावाला माहीत होतं, आणि त्या दोघांची गाठ पडू नये म्हणून बाई सकाळपासून धडपडत होत्या.

जीप काढली. रे रोडला पोचलो तेव्हा वखारींमध्ये शेवटची कापणी चालू होती, हवेत भुसा उडत होता. भाऊ माझ्या पुढे जवळजवळ धावत होता. दोनदा चुकीच्या बोळात शिरला, कारण मधल्या काळात नव्या झोपड्या उठल्या होत्या. त्या जुन्या खोलीच्या दारात एक बाई परात घेऊन मटार सोलत होती आणि तिच्या शेजारी, तशीच मांडी घालून, बेबी बसली होती. साडी चुरगळलेली, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, बाकी ठीक.

खोलीत आता ट्रकवर माल चढवणारा उत्तरेकडचा एक माणूस बायकोमुलांसह राहत होता. त्याची बायको मला बघून घाबरली आणि भराभर सांगू लागली. काल अंधार पडायच्या सुमाराला ही आली, पदरातला नारळ काढून त्यांच्या देवापुढे ठेवला आणि आत जाऊन बसली. कोण, कुठली, काही सांगता येत नव्हतं. नवरा आज पाळी संपल्यावर चौकीत कळवणार होता.

“नारियल लेके आई थी साहब,” ती म्हणाली. “ऐसे कैसे निकाल देते?”

बेबीनं भावाला पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिच्या लेखी भाऊ तिथे येणं साहजिकच होतं.

“दादा,” ती म्हणाली, “ताय खय गेली?”

त्या माणसानं सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. बेबीनं मटाराच्या शेंगा बाजूला केल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी आणि हवालदार वखारीकडे तोंड करून उभे राहिलो. गणवेशात असलं काही दाखवायची आम्हाला सवय नसते.

परतलो तेव्हा गल्ली रस्त्यावर आली होती. मावशींनी बेबीला पोटाशी धरलं. शिंपी, कोळीण, पिठाच्या गिरणीवाला, सकाळी मला तेच ते वाक्य ऐकवणारे सगळे आता एकाच वेळी बोलत होते. बाई दारात उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “आता तुम्ही लिहिणार ना?” मी हो म्हटलं.

सीनियर साहेबांचा सल्ला सोपा होता. बेपत्ता महिला सुखरूप मिळून आली, तक्रार निकाली, एवढं लिहून मोकळं व्हा. गल्लीतली दोन वयस्क माणसं माझ्याकडे येऊन हात जोडून गेली. साहेब, बाईंनी कुणाचं वाईट केलंय का? नव्हतं केलं. तेच मी लिहिलं. गृह स्वच्छ आहे, मुली खाऊनपिऊन सुखी आहेत, शेजारी जीव लावतात. आणि हेही लिहिलं की परवान्यापेक्षा जास्त मुली तिथे राहतात, तपासणीच्या दिवशी त्यांना बाहेर ठेवतात आणि त्यातूनच ही मुलगी हरवली. मला त्यात शौर्य वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी अशीच कुणी हरवली, तर तिला शोधायला भाऊ येईलच याची खात्री कोण देणार होतं? जी कागदावर नाही तिला कुणी हरवलं म्हणतच नाही.

खात्यानं नोटीस काढली. बाईंना चारदा कचेरीत हेलपाटे घालावे लागले. नव्यानं कुणाला घ्यायचं नाही असा हुकूम झाला. तळमजल्यावरची एक खोली चाळीच्या मंडळानं मोकळी करून दिली, तेव्हा परवान्यातला आकडा वाढला. तरी सगळ्या जणी त्यात बसल्या नाहीत. काहींना शहराबाहेरच्या सरकारी गृहात हलवावं लागलं. त्या गेल्या त्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेलो होतो. गाडीत बसवताना त्यांतली एक मावशींचा हात सोडेना. त्यानंतर बरेच महिने त्या गल्लीत मला कुणी चहा विचारला नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. बेबी मात्र राहिली. भाऊ तिला गावी न्यायला तयार झाला होता, पण नेऊन तिला सांभाळणार कोण, हा प्रश्न होता तसाच होता.

या केसनं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, कुठल्याही संस्थेची तपासणी करायला गेलात तर जिने आणि चादरी बघाच, पण तिथे राहणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी, आमच्या हवालदारांनी, गल्लीनं, बाईंनी सगळ्यांनी मुलींसाठी काही ना काही केलं. त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. बेबीला कुणी विचारलं असतं, की ओटी भरल्यावर तू कुठे जातेस, तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं.

पुढच्या वर्षीच्या तपासणीला मी स्वतः गेलो. सकाळीच पोचलो. फिनेलचा वास येत होता, जिने ओले होते. बेबी न्हाऊन, दोन वेण्या घालून, कापडी पिशवी हातात धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. पिशवीत तिचा टॉवेल आणि कंगवा दिसत होता. बाई आल्या तशी ती उठली.

“बाई, आज कोणाकडे जायचा?” तिनं विचारलं.

बाई म्हणाल्या, “कोणाकडे नाही. आज तू इथेच.”

तिला ते पटलं नसावं. अधिकारी आले, मुलींना ओळीत बसवलं, तरी तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. अधिकाऱ्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. बेबीचं खरं नाव पुकारलं तेव्हा कुणीच उत्तर दिलं नाही, कारण त्या नावानं तिला कधी कुणी हाक मारलीच नव्हती. बाईंनी वाकून तिच्या कानात सांगितलं. ती उभी राहिली आणि मोठ्यानं “हजर” म्हणाली. अधिकाऱ्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. बेबी थोडा वेळ तशीच उभी होती. मग कुणाला न विचारता ती जिना चढून वर गेली, पिशवी आपल्या कॉटखाली सरकवली आणि परत येऊन ओळीत बसली.